सात नंबरचा हुकूम

बाईंच्या लक्षात माणसाचं नाव राहत नसे, नंबर राहायचा. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बारा टाईपरायटर होते. ज्या मशीनवर तुम्ही शिकलात तो तुमचा नंबर आणि जेवढा स्पीड मिळवलात ते तुमचं आडनाव. बाजारात कुणी नमस्कार केला की बाई चष्मा वर सारून बघायच्या आणि म्हणायच्या, "तू तीन नंबर ना? तीन-चाळीस. लग्न झालं का?" स्टँडवरचा कंट्रोलर अकरा-तीस होता. बँकेतली एक बाई दोन-साठ होती, आणि तिचा विषय निघाला की आमच्या बाईंचा चेहरा उजळायचा. मी सात. नुसताच सात, कारण माझा स्पीड अजून यायचा होता.

तो मला लई गरजेचा होता. पहिला लॉकडाऊन लागायच्या जरा आधी माझं नाव क्लार्कच्या निवड यादीत आलं. चार वर्षं पुण्यात अभ्यासाच्या नावाखाली मी जे काही केलं, त्यातून हे कसं निघालं ते माझं मलाच कळलं नव्हतं. आता फक्त दोन गोष्टी बाकी होत्या : मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची चाचणी आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. मी बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परत आलो. वडील शेरडं चारून आले की चप्पल काढायच्या आधी एकच वाक्य बोलायचे. "कुठं नाव येऊ देऊ नको बाबा. एक केस झाली की गेली नोकरी."

बाईंचं घर आमच्या घराला लागून होतं. मध्ये कमरेएवढी भिंत. क्लास बंद ठेवायचा सरकारी आदेश होता, पण भिंतीवरून टांग टाकून शेजाऱ्याकडं जायला कुणाची बंदी नव्हती, निदान बाईंनी आदेश वाचून तसा अर्थ काढला होता. आदेश वाचण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

तसं त्यांचं इन्स्टिट्यूट आधीच बंद पडत आलं होतं. मशीनवरची परीक्षा सरकारनं बंद करून कॉम्प्युटरवर नेली, ती बातमी बाईंनी पूर्ण वाचली, वर्तमानपत्राची चौघडी केली आणि पाच नंबरच्या खाली सरकवली. पाच नंबर हलायची. मग म्हणाल्या, "मशीनवर बोट बसलं की कॉम्प्युटर म्हंजे गादी. या खुशाल." कुणी आलं नाही. तरी रोज सकाळी बाराही मशीनची जुन्या लुगड्यांची कव्हरं काढायची, झटकायची आणि संध्याकाळी परत घालायची, हे चालूच होतं. लग्न का केलं नाही असं एकदा मी आगाऊपणानं विचारलं. बाई म्हणाल्या, "बारा सांभाळल्या की. तेरावं कावून?"

त्यांची अजून एक खोड होती. चाळीस वर्षं मजकूर सांगून सांगून त्यांच्या बोलण्यातच विरामचिन्हं घुसली होती. एरवी बरं बोलायच्या, पण राग आला की सुरू. "तू खाली बोटांकडं बघतोयस स्वल्पविराम हे मला दिसतंय स्वल्पविराम आणि आता पट्टी बसणार पूर्णविराम." आणि पट्टी बसायची. पूर्णविरामाच्या आत हात मागे घेतला तर दुसरी बसायची.

आता माझं सांगतो. पुण्यात मी हार्डकोर पंकच्या नादाला लागलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाणं दीड मिनिटाचं. एक जण जीव खाऊन बोंबलतो, एक जण ड्रमवर तुटून पडतो, दोघं गिटार अशी वाजवतात की पत्र्यावर गारा पडाव्यात. आणि समोर जमलेली पोरं एकमेकांना धक्के देत उड्या मारतात. बघणाऱ्याला वाटतं मारामारी चाललीय. मला विचाराल तर एवढी शिस्तीची गर्दी मी दुसरीकडं कुठं बघितलेली नाही.

बाईंकडं सराव करताना मी एका कानात हे लावून बसायचो. तिसऱ्या दिवशी बाईंनी इयरफोनचं ते टोक ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्या कानात घातलं. मी मनातल्या मनात बोजाबिस्तरा बांधला. बाईंनी डोळे मिटले. त्यांची बोटं टेबलावर चालायला लागली. गाणं संपलं.

"साठ," बाई म्हणाल्या.

"काय साठ?"

"स्पीड. ढोलवाला साठचा हाय. वरडणारा चाळीसचा हाय, पण मागं लागून येतोय. आणि एक बघ, त्यानं एकदा बी खाली बघितलं न्हाई."

तोवर बाई टेबलावर लाकडी पट्टी आपटून सरावाला ताल द्यायच्या, तो तेव्हापासून बंद झाला. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि गाण्यावर सराव करायचा. बाईंनी माझ्या फोनमधल्या सगळ्या बँडची वर्गवारी केली. ही तीसची, नवशिक्याला बरी. ही चाळीसची. ही साठची, पण चुका लई. एका बँडबद्दल तर म्हणाल्या, "हे नापास. घाई हाय, स्पीड न्हाई." त्या बँडबद्दल माझंही तेच मत होतं, पण पुण्यात ते बोलायची सोय नव्हती. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "बाई, कोण रडतंय तुमच्यात?" बाईंनी खिडकीतून उत्तर दिलं, "रडत न्हाई, सराव चालूय!"

पुण्यातला आमचा एक कार्यक्रम लॉकडाऊननं बुडाला होता. सगळे आपापल्या गावी अडकलेले. फोनवर ठरलं की ज्यानं त्यानं आहे तिथून फॅनझीन काढायचं. म्हणजे नादिष्ट लोकांनी हातानं काढलेला, आपसात वाटायचा अंक. छापील नको, गुळगुळीत नको, कात्रणं चिकटवून झेरॉक्स मारायची. पण आमच्या गावात झेरॉक्सची तिन्ही दुकानं बंद. मी बाईंपाशी रडगाणं गायलं.

"झेरॉक्स कावून लागतंय?" बाई म्हणाल्या. "सायक्लोस्टाईल हाय की."

मागच्या खोलीत गोणपाटाखाली ते यंत्र होतं. एकेकाळी अख्ख्या तालुक्यातल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या, आणि एकही पेपर कधी फुटला नाही, हे बाईंनी मला निदान सहा वेळा सांगितलं. मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, रिबिन काढून टाईप करायचं. अक्षराच्या ठोक्यानं मेण कापलं जातं, मग तो कागद रोलरवर चढवून हँडल फिरवायचं की खालून छापलेली पानं. जोरात ठोकलं की 'व'चं पोट गळून पडतं आणि तिथं काळा डाग येतो. मला ते डाग फार आवडले. पंकला शोभतील असे होते. बाईंना ते सहन होईनात.

टाईप बाईच करणार होत्या, सात नंबरवर. सात नंबरचा 'र' ओळीच्या जरा वर उडायचा. बाकी सगळी अक्षरं बसलेली आणि 'र' एकटाच उड्या मारतोय. बाईंना त्याची लाज वाटायची. मी म्हटलं, "बाई, हा तर आपला माणूस हाय."

पण खरी लढाई वेगळीच झाली. बाईंना पत्राच्या नमुन्याशिवाय टाईप करताच येत नव्हतं. विषय नाही, महोदय नाही, असला मजकूर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं उघडा माणूस. मी शिव्यांसकट झकास परीक्षण लिहून दिलं, आणि मशीनमधून हे बाहेर आलं :

"विषय : पुणे येथील चार जणांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर ध्वनिमुद्रणात एकूण नऊ गीते असून त्यांचा एकत्रित कालावधी अकरा मिनिटे आहे. गायकाचा राग प्रामाणिक असल्याचे दिसून येते. तिसऱ्या गीतात ढोलवादकाने मर्यादा ओलांडली असून त्याबद्दल त्याचे अभिनंदन करण्यात यावे."

मी आधी डोक्याला हात लावला. मग पुन्हा वाचलं. मग पोट धरून हसलो. माझ्यापेक्षा लाख पटीनं चांगलं होतं ते.

पाचव्या पानावर गर्दीचे नियम टाकायचे होते, आमच्या उड्या मारायच्या गर्दीचे. मी बाईंना समजावून सांगितलं : ज्याला धक्का नको त्यानं कडेला उभं राहायचं, आणि कुणी पडलं की सगळ्यांनी थांबून उचलायचं. बाईंची बोटं थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

"नियम अर्धा न्हाई ठेवायचा. लोक पळवाट काढतेत." आणि त्यांनी पान पुरं केलं :

"विषय : गर्दीत पाळावयाच्या नियमांबाबत. १. ज्यांना धक्का नको असेल त्यांनी कडेला उभे राहावे. कडेला उभ्या असलेल्यांना कोणीही आत ओढू नये. २. चपलेचे बंद आवळून घ्यावेत व चष्मा खिशात ठेवावा. ३. कोणी पडल्यास सर्वांनी तात्काळ थांबावे व पडलेल्यास उचलावे. तो कोण, कोठला, हे विचारत बसू नये. उचलल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत माहितीस्तव : सर्व संबंधित."

दोनशे प्रती काढल्या. दिवसभर हँडल फिरवून माझा दंड सुजला. आणि पानं लावायला घेतली तर स्टेपलरच्या पिना संपलेल्या. दुकानं बंद. बाई म्हणाल्या, सुईदोऱ्यानं शिवू. मी म्हटलं, उद्या शिवू. तो माझा आळस नडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टरबूजवाले चाचा हातगाडी घेऊन दारात आले. गावात फिरायचा पास असलेली दोन-चार माणसं होती, त्यात ते. पूर्वी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बाईंकडं ते चार-तीस होते. कट्ट्यावरचे गठ्ठे बघून म्हणाले, "बाई, ये क्या छापा? द्या इकडं. घरात बसून लोक येडे व्हायलेत. टरबुजासंगं वाचायला बी देतो."

मला आनंद झाला. आमच्या अंकाला वितरक मिळाला! मी सगळे गठ्ठे त्यांच्या गाडीवर ठेवले. पानं सुटी आहेत हे चाचांना सांगायचं मात्र मी विसरलो, आणि चाचांनी आपला साधा हिशोब केला : एक टरबूज, एक कागद. कुणाच्या घरी परीक्षण गेलं, कुणाकडं एका बँडच्या मुलाखतीचा निम्मा भाग. आणि वरच्या आळीला ते पोचले तेव्हा त्यांच्या हाताशी नेमका पाचव्या पानाचा गठ्ठा आला.

आता तुम्हीच सांगा. तालुक्याच्या गावात, लॉकडाऊनमध्ये, सायक्लोस्टाईल केलेला, 'विषय' आणि 'प्रत माहितीस्तव' असलेला कागद हातात पडला, तर तो कशाचा समजाल? लोकांनी तो देव्हाऱ्यापाशी, टीव्हीच्या मागं, दाराच्या कडीत नीट ठेवून दिला. वरच्या आळीत दोघांनी चष्मे खिशात घालून फिरायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात कारखान्यांवरनं ऊसतोडीची माणसं ट्रकनं परत यायला लागली होती. आमचीच माणसं, शिरूर कासारकडची, आसपासच्या तांड्या-वस्त्यांवरची. त्यांना वरच्या आळीच्या टोकाला, वेशीजवळच्या शाळेत ठेवत होते, आणि आत घ्यायच्या आधी तपासणीसाठी रस्त्यावर उन्हात रांग. गावानं दारं लावून घेतली होती. आमच्या आळीनंही लावली होती, आमच्या घरानंही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

त्या दिवशी रांगेतली एक बाई डोक्यावरच्या बोचक्यासकट खाली कोसळली. रांग तशीच. मग समोरच्या घराचं दार उघडलं आणि वरच्या आळीचे दोघं, तोंडाला उपरणं बांधून, धावत रस्त्यावर आले. बंदोबस्ताचा शिपाई काठी उगारून ओरडला, "मागं व्हा बे! कुणी सांगितलं?"

"हुकूम हाय साहेब," एक जण म्हणाला, आणि खिशातून कागद काढून पुढं धरला.

शिपायानं कागद वाचला. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि त्या बाईचे पाय धरले. तिघांनी मिळून तिला लिंबाखाली नेलं, पाणी पाजलं, आणि ती उठून बसेपर्यंत अख्खी रांग थांबवून ठेवली. संध्याकाळी शिपायानं वर कळवलं : 'आदेशातील कलम तीननुसार कार्यवाही केली.' वरून विचारणा झाली : कोणता आदेश?

तो कागद नायब तहसीलदारांच्या टेबलावर गेला. त्यांनी एकदाच बघितला म्हणे आणि म्हणाले, "हा 'र' सात नंबरचा हाय."

तेही बाईंचेच. नऊ नंबर, दोनदा नापास.

आळीत जीप आली. खोटं कशाला बोलू, अभिमान वगैरे नंतर वाटला. आधी मला यादीतलं माझं नाव आठवलं. वडील दारात उभे होते. बाईंनी मशीनच्या कव्हराचा शिवलेला मास्क लावला, पट्टी काखेत घेतली आणि जीपवाल्याला म्हणाल्या, "तू हो पुढं. आमी चालत येतो."

ऑफिसात नायबसाहेब एकटे होते. टेबलावर पाचवं पान. "बाई, हा बनावट शासकीय आदेश हाय. साथीच्या काळात. केस करावी लागंल."

"साहेब, मजकूर माझा आहे," मी म्हणालो. आवाज कुठून आला कोण जाणे.

"तिसरा नियम माझा," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाव न्हाई घालणार बाई. याचं घालतो." त्यांनी कागद ओढला आणि मला नाव विचारलं. चार वर्षांचा अभ्यास, यादीतलं नाव, वडिलांचं ते रोजचं वाक्य, सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं.

"थांब नऊ नंबर," बाई म्हणाल्या. "यावर सही कुणाची?"

"न्हाई."

"शिक्का?"

"न्हाई."

"कार्यालयाचं नाव? जावक क्रमांक?"

"न्हाई, पण लोकांना तो सरकारी वाटला ना!"

"लोकांना वाटला, कारण टायपिंग चांगलं हाय. तुझे आदेश असे टाईप झाले असते तर ते बी पाळले असते."

नायबसाहेबांचा कान लाल झाला. "ठीक हाय. मग मी रद्द करतो. आत्ता काढतो रद्दचा आदेश, आणि गावभर लावतो." ऑपरेटर नव्हता, तेव्हा स्वतःच कॉम्प्युटरवर बसले. बाई पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. दोन ओळी झाल्या आणि पट्टी टेबलावर फाटकन वाजली.

"खाली बघू नको!"

एवढा मोठा साहेब, ताठ बसला आणि समोर बघून टाईप करायला लागला. माझा जीव टांगणीला, तरी मला हसू आलं.

"संदर्भात काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"जावक क्रमांक."

"त्याला न्हाई ना पण."

"मग रद्द काय करतोस? ज्याला नंबरच न्हाई तो रद्द कसा होणार?"

साहेबांनी संदर्भ मोकळा सोडला आणि रेटून पुढं लिहिलं. झाल्यावर बाई म्हणाल्या, "वाच मोठ्यानं."

"याद्वारे कळविण्यात येते की," नायबसाहेब वाचायला लागले, "कोणी पडल्यास सर्वांनी थांबावे व पडलेल्यास उचलावे, हा नियम रद्द करण्यात येत असून, यापुढे कोणीही..."

ते थांबले. बाईंनी पट्टी स्क्रीनवरच्या त्या ओळीखाली धरली.

"वाच की."

"...यापुढे कोणीही पडलेल्यास..." साहेबांनी चष्मा काढला.

"सही कर नऊ नंबर स्वल्पविराम तुझ्या नावानं गावात लाव स्वल्पविराम आणि शाळेच्या दारावर बी एक लाव पूर्णविराम."

नायबसाहेबांनी सही केली नाही. एकेक अक्षर मागं खोडत गेले, सगळं पान कोरं होईपर्यंत. "जा बाई," ते म्हणाले. मी पाचवं पान उचलायला गेलो तर त्यांनी त्यावर हात ठेवला. "हे राहू दे माझ्याकडं."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तीन चुका होत्या. खोडल्या म्हणून बरं."

माझा दाखला स्वच्छ आला. चाचणी झाली तेव्हा डोक्यात तोच साठचा ढोलवाला वाजत होता आणि मी एकदाही खाली बघितलं नाही. निकाल कळवायला भिंतीवरून टांग टाकली तर बाईंनी आकडा दोनदा विचारून घेतला. "चौतीस. बरं. सात-चौतीस." मला आडनाव मिळालं. वडील त्या दिवशी पेढे घेऊन बाईंकडं गेले आणि बारा मशीनपुढं एकेक ठेवून आले. त्यांना वाटलं तशीच पद्धत असते.

आता मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. बाईंनी मशीन भंगारात घातल्या नाहीत, ज्याच्या त्याला वाटून टाकल्या. नऊ नंबर साहेबांच्या घरी पोचती केली, सोबत चिठ्ठी : 'सरावाची गरज आहे.' सात तेवढी स्वतःकडं ठेवली.

मध्यंतरी चाचांचा फोन आला, बाई आठवडी बाजारात पडल्या म्हणून. मी घाबरून बाईंना लावला.

"मी पडले नव्हते स्वल्पविराम जराशी बसले होते पूर्णविराम," बाई कडाडल्या. "तर चौघं जण धावत आले. एक कांदेवाला, एक कॉलेजची पोरगी, आणि अजून दोघं, मी ओळखत बी न्हाई. सगळा बाजार थांबवला मेल्यांनी. मी म्हटलं, अरे मी कोण, कुठली, विचारा तरी. तर तो कांदेवाला म्हणतो, विचारायचं न्हाई मावशी, हुकूम हाय."

"लागलं तर न्हाई ना बाई?"

"त्यांना जरा सांग कुणीतरी, तो आदेश जुना झाला. कधीचा रद्द झाला."

"कुठं झाला बाई? त्याला जावक क्रमांकच न्हाई."

पलीकडं पट्टी एकदा टेबलावर वाजली.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "पूर्णविराम."